उस्ताद निवडताना

सहावीच्या वर्गाला अपूर्णांकांची बेरीज शिकवायची असेल तर माणसाला आधी डी.एड. किंवा बी.एड. व्हावे लागते. सराव पाठ द्यावे लागतात, पाठ टाचणे काढावी लागतात, आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले पर्यवेक्षक फळ्यावरची ओळ तिरपी गेली तरी तिची नोंद करतात. महाराष्ट्रात २०१३ साली टीईटी आली, मग अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. (अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. त्यावर उर्दू शाळांच्या शिक्षक-खोल्यांत चहाचे किती कप संपले याची गणती नाही.)

तोच मुलगा पुढे बी.एस्सी.ला जातो. तिथे त्याच्यापुढे जो उभा राहतो त्याच्याकडे एम.एस्सी. असते, नेट किंवा सेट असते, पुष्कळदा पीएच.डी.ही असते. त्याला शिकवता येते की नाही, हे मात्र नेमणुकीआधी पाहिलेच पाहिजे असे बंधन नसते. नेमणुकीनंतर उद्बोधन वर्ग होतात, हे आम्ही विसरलेलो नाही. पण आधी नेमायचे आणि मग शिकवायला शिकवायचे, हा क्रम आपण डॉक्टरच्या बाबतीत मान्य केला असता काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी शैक्षणिक कामगिरी व संशोधनाला ५० टक्के, विषयज्ञान व अध्यापन-कौशल्याला ३० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के असे वजन होते. कागदावर वाईट नव्हते. पण हे कौशल्य वर्गासारख्या परिस्थितीत व्याख्यान घेऊन किंवा नुसत्या चर्चेतून पाहण्याची मुभा होती, आणि आपल्याकडे ‘किंवा’ आला की माणसे सोपा भाग उचलतात. २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील पदासाठी उमेदवारांची यादी करताना पीएच.डी.ला ३० गुण, शोधनिबंधांना १०, अनुभवाला १० असे कोष्टक आले. अनुभवाचे गुण वर्षाला दोन. म्हणजे पाच वर्षे वर्गात कोणी कसे शिकवले याचा हिशेब नाही. पाच वर्षे गेली, एवढाच हिशेब. यादी झाल्यावर निवड मुलाखतीवर.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. जगात काही विद्यापीठे भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र या विषयांसाठी मुद्दाम ‘शिकवणारा’ प्राध्यापक नेमतात. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात अध्यापन-शाखेची स्वतंत्र पदे आहेत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ‘प्रोफेसर ऑफ टीचिंग’ असे थेट पूर्ण प्राध्यापकाच्या तोडीचे पद आहे. शोधनिबंध किती लिहिले यापेक्षा पहिल्या वर्षाच्या भरगच्च वर्गाला न्यूटन कसा समजावला, याला तिथे वजन आहे. आणि अशा माणसाला कायम नोकरी, बढती, मान हे सारे मिळू शकते.

‘केवळ शिकवणारा’ माणूस आपल्याकडेही आहे. त्याला तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतात, बोलताना नुसते सीएचबी. जितके तास शिकवले तितक्यांचे मानधन. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा यांचे काही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तोच वर्ग. संशोधनाची त्याच्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. पण त्याने कायम पदासाठी अर्ज केला की पहिला प्रश्न संशोधनाचाच येतो. शासनाने २०२१ साली २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता दिली तेव्हा या मंडळींच्या घरी काय आशा उमलल्या असतील आणि त्यातल्या किती फळाला आल्या, हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात पाहिले आहेच.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. शिकवणे हे संशोधनाहून हलके काम आहे काय? आणि शिकवण्यासाठी माणूस निवडताना निवडणारे नेमके कोणाचे देणे देत असतात?

शहागडात बसून विद्यापीठातल्या नेमणुकांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमचे गाव गोदावरीच्या काठावर. अलीकडे अंबड तालुका, जालना जिल्हा. पूल ओलांडला की गेवराई, बीड जिल्हा. औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरहून, सोलापूरकडे जाणारा महामार्ग गावाला लागून जातो आणि विद्यापीठाच्या बातम्याही त्याच रस्त्याने येतात. आम्ही उर्दू शाळांतली माणसे मुलाला दहावीपर्यंत आणून सोडतो. विज्ञानात हुशार निघालेले मूल मग एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी अकरावी सायन्सला जाते, तगले तर बी.एस्सी.ला. दहावीपर्यंत त्याने बलाला ‘कुव्वत’ म्हटलेले असते, त्वरणाला ‘इस्राअ’ आणि जडत्वाला ‘जमूद’. शेजारच्या बाकावरचा मराठी शाळेतला मुलगा बल, त्वरण, जडत्व घेऊन आलेला असतो. फळ्यापाशी उभे असलेले सर फोर्स, ॲक्सिलरेशन, इनर्शिया म्हणतात. तिघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे मुलांना कळायला कधी सहा महिने लागतात, कधी ते कळतच नाही. मूल कला शाखेकडे वळते, किंवा डी.एड.कडे, किंवा मामाच्या गॅरेजमध्ये. सच्चर समितीने २००६ साली २००१ च्या जनगणनेवरून दाखवले होते की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर चार टक्क्यांहूनही कमी आहेत, तेव्हा एकूण लोकसंख्येत ते प्रमाण सुमारे सात टक्के होते. या आकड्यामागे गरिबी आहे, मुलींना लवकर उजवणे आहे, सगळे आहे. पण वर्गात पहिल्या महिन्यात कोण उभे होते, तेही आहे. त्या माणसाची निवड हा आमच्या घरचा प्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाला उत्तर शोधताना आम्हाला प्रा. अब्दुस सलाम आठवतात. केंब्रिजमधून नाव कमावून ते १९५१ साली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवायला आले. प्राचार्यांनी त्यांना सांगितले की संशोधन विसरा. शिकवण्याखेरीज वसतिगृहाची देखरेख, खजिन्याचे काम किंवा फुटबॉल संघ, यांपैकी एक जबाबदारी घ्या. सलामांनी फुटबॉल घेतला. १९५४ साली ते केंब्रिजला परत गेले. १९७९ मध्ये नोबेल मिळाले. (त्याआधी पाच वर्षे त्यांच्याच देशाने त्यांच्या पंथाला मुसलमान मानायचे नाकारले होते. ते दुःख इथे उघडत बसत नाही.) ही हकीकत सहसा संशोधनाची बाजू मांडायला सांगतात: बघा, शिकवण्याच्या जोखडाला जुंपले तर केवढे डोके वाया जाते! ते खरेच आहे. पण त्या प्राचार्यांना शिकवण्याची तरी कदर होती काय? शिकवणे आणि वसतिगृहाचा भाजीपाला मोजणे ही दोन्ही कामे एकाच पारड्यात टाकणाऱ्याला शिक्षकाची किंमत कळली असे कसे म्हणावे?

सलामांना स्वतःला ती कळली होती. नोबेलनंतर, १९८१ साली, ते कलकत्त्याला गेले आणि प्रा. अनिलेंद्र गांगुली यांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. गांगुलींनी फाळणीआधी लाहोरात त्यांना गणित शिकवले होते. तेव्हा ते वृद्ध होते, अंथरुणाला खिळलेले. गांगुलींच्या नावावर कोणता सिद्धान्त आहे हे आम्हाला ठाऊक नाही, आणि सलामांनाही त्याची गरज पडली नसावी.

सलाम आणखी एका गोष्टीसाठी आठवावेत. १९६४ साली त्यांनी इटलीतल्या त्रिएस्त येथे जे केंद्र उभारले, त्यात गरीब देशांतल्या अध्यापकांनी काही आठवडे-महिने येऊन राहावे, नवे शिकावे आणि आपल्या गावी परत जाऊन शिकवावे अशी सोय होती. आपल्याकडे पुण्याची आयुका १९८८ साली स्थापन झाली, तिचा हेतू याच जातीचा. संशोधन संस्थांनी चांगली माणसे खेचून घेतली आणि विद्यापीठांचे वर्ग ओस पडले, हे डॉ. जयंत नारळीकरांचे मोठे दुखणे होते. म्हणून आयुकाने कॉलेजांतल्या आणि विद्यापीठांतल्या अध्यापकांना सहयोगी करून घेतले. त्यांनी यावे, ग्रंथालय वापरावे, काम करावे आणि आपल्या वर्गाकडे परतावे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. मुले स्वाक्षरी मागत तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने पोस्टकार्डे लिहीत बसावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे की ‘केवळ शिकवणारा’ याचा अर्थ ‘शोध न घेणारा’ असा लावला तर तो माणूस दहा वर्षांत शिळा होतो. खगोलशास्त्रात तर फारच लवकर. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले. २०१५ साली गुरुत्वलहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या. जुन्या नोट्स पिवळ्या पडल्या तरी त्याच वाचून दाखवणारे सर आपण सर्वांनी पाहिले आहेत. शोध घेणे हवेच. नको आहे ती शोधनिबंधांची मोजदाद. मोजदाद सुरू झाली आणि निबंध छापून देणारी दुकाने उघडली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली बहुसंख्य नियतकालिके तपासणीला उतरत नाहीत. पैसे भरून छापलेला निबंध, त्याचे गुण, त्या गुणांवर मुलाखत. बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रयोगवह्या एकमेकांच्या बघून उतरवलेल्या असतात म्हणून आपण त्यांना रागावतो. ती मुले हे कोणाकडून शिकली?

इमाम गझालींचे उदाहरण इथे देणे धाडसाचे आहे, तरी देतो. निजामुल्मुल्कने १०९१ साली त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमले. त्या काळातले याहून मोठे अध्यापकपद नव्हते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. चार वर्षांनी, १०९५ मध्ये, त्यांनी ते सोडले. आत्मकथनात त्यांनी कारण दिले आहे: आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि आलेले उत्तर त्यांना झेपले नाही. त्यांची जीभ अडू लागली, अन्न जाईना. पुढे अकरा वर्षांनी ते नेशापूरला पुन्हा शिकवू लागले, पण तेव्हा त्यांची नियत वेगळी होती. कोणत्या निवड समितीला उमेदवाराची नियत दिसते? दिसत नाही. मात्र नियत ज्या वाटेने बिघडते ती वाट समितीच्या हातात असते. नोकरीसाठी संस्थाचालकाला लाखांची देणगी मोजून जो वर्गात आला, तो ती रक्कम कुठून वसूल करील याचा विचार वर्गातल्या मुलांना करावा लागतो. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. वाचकांना आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

मग निवडायचे कसे? आम्ही बी.एड.वाले, त्यामुळे आमचे उत्तर ठरलेले: पाठ घ्यायला लावा. पण तो तज्ज्ञांपुढे नको, मुलांपुढे हवा. वीस मुले बसवा, त्यांत उर्दू शाळेतली असू द्या, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली असू द्या, शहरातल्या इंग्रजी शाळेतलीही. विषय आम्ही सुचवतो. रमजानची एकोणतीस तारीख आहे, पंचांगात अमावास्या संपल्याची वेळ दिली आहे, चंद्र ‘जन्मला’ आहे. तरीही संध्याकाळी तो दिसत का नाही, हे चाळीस मिनिटांत समजावून द्या.

वरवर सोपा वाटणारा हा पाठ किती खोल आहे ते पाहा. चंद्र आकाशात सूर्यापासून दर तासाला साधारण अर्धा अंश दूर सरकतो. दोघांतले अंतर सात अंशांच्या आसपास होईपर्यंत कोर अशी उजळतच नाही. याला फ्रेंच खगोलज्ञ दाँजो याच्या नावाने ओळखतात. म्हणजे युतीनंतर चौदा-पंधरा तास तर असेच जायचे. त्यानंतरही क्षितिजाजवळचा संधिप्रकाश, धूळ आणि चंद्र सूर्यामागून किती मिनिटांनी मावळतो हे आहेच. याच कारणाने सौदीत, केरळात आणि आपल्याकडे ईदचे दिवस वेगळे पडू शकतात. या पाठात कोन आहेत, वेग आहे, प्रकाशाचे विकिरण आहे, डोळ्याची मर्यादा आहे. शिवाय मुलांच्या घरात दरवर्षी होणारे भांडण आहे. उमेदवाराला विषय पक्का येतो का, तो सोपा करताना खोटा करतो का, आणि एखाद्या मुलाने ‘मग मौलानासाहेब चुकतात का?’ असे विचारले तर तो घाबरतो, चिडतो, की नीट उत्तर देतो, हे सारे त्या चाळीस मिनिटांत दिसेल. आमच्या मते नीट उत्तर असे: गणित सांगते चंद्र कुठे आहे; दिसला पाहिजे की गणिताने भागेल, हा फिकहचा प्रश्न आहे, तो उलेमांनी ठरवायचा. पण गणित काय सांगते ते लपवण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

हा विषय मशिदीला परका नाही, हेही तो शिक्षक सांगू शकेल. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश-शातिर हे मुवक्कित होते, म्हणजे नमाजच्या वेळा ठरवणारे, पगारी खगोलज्ञ. चंद्राच्या गतीची त्यांनी मांडलेली रचना पुढे कोपर्निकसच्या ग्रंथात तशीच आढळते. मशिदीने खगोलज्ञ नेमला तो निबंधांसाठी नाही, रोज पाच वेळा लागणाऱ्या कामासाठी. त्या कामातूनच नवे ज्ञान निघाले.

शिक्षकाच्या सचोटीची याहून मोठी कसोटी आमच्या परंपरेत आहे. मदिनेत हजरत पैगंबरांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहिम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांना वाटले की हे त्या मृत्यूमुळेच. पैगंबरांनी ती समजूत तिथल्या तिथे खोडून काढली. ग्रहणाचा कोणाच्या जगण्या-मरण्याशी संबंध नसतो, असे सांगून लोकांना नमाजकडे वळवले. शोकाच्या घडीला आपला मोठेपणा वाढवणारी समजूत लोकांच्या मनात आपोआप रुजत होती, आणि तिला त्यांनी रुजू दिले नाही. उमेदवाराच्या पाठात हे पाहावे. स्वतःच्या फायद्याचे खोटे तो खोडतो की चालू देतो?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाठावर निवड केली तर बोलघेवडे निवडले जातील. लातूर, नांदेडच्या क्लासेसचे फलक पाहा. तिथे ‘केवळ शिकवणारे’च आहेत आणि ते प्राध्यापकाच्या कितीतरी पट कमावतात. मुले त्यांच्यावर खूश असतात. मग तेच नेमायचे का? आमचे उत्तर असे की मुले खूश आहेत का हे विचारूच नका. मुलांना काय कळले ते तपासा. पाठाआधी पाच प्रश्न विचारा, पाठानंतर तेच पाच फिरवून विचारा. हा काही आमचा शोध नव्हे. अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९९८ साली साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या अशा आधी-नंतरच्या चाचण्या एकत्र मांडल्या. नुसती व्याख्याने ऐकलेल्या वर्गांना जेवढे शिकणे शक्य होते त्याच्या सरासरी चौथा हिस्साही त्यांनी शिकलेला नव्हता. ज्या वर्गांत मुलांना बोलायला, वाद घालायला, करून पाहायला लावले होते, तिथे तो जवळपास निम्मा होता. व्याख्याते वाईट होते असे नाही, त्यांत गाजलेलेही होते. कार्ल वीमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यांनी पुढची वर्षे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे कसे या कामाला दिली. तेव्हा शिकवणे हलके काम आहे काय, याचे उत्तर त्यांनी आपल्या आयुष्यातून दिले असे म्हणायला हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि तो आमच्या वाचकांना अधिक बोचेल. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. माणसे नेमण्याचे स्वातंत्र्य त्यातून येते. इतरत्र आपल्या मुलाला नावामुळे डावलले गेले असे वाटले की आपण पेटून उठतो, आणि ते योग्य आहे. पण निवडीच्या खुर्चीत आपण बसतो तेव्हा काय घडते? अध्यक्षांच्या साडूचा मुलगा, सचिवांच्या बिरादरीतला जावई, ‘आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या’. ६ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या मदरसा सेवा आयोगाचा कायदा कायम ठेवला. त्या निकालात न्यायालयाने धर्म, भाषा, संस्कृती जपणारे शिक्षण आणि गणित, भौतिकशास्त्र यांसारखे विषय यांत फरक केला. दुसऱ्या प्रकारात उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत चांगला शिक्षक मुलांना मिळाला पाहिजे, असा त्याचा रोख होता. अनेकांना हा आपल्या हक्कावर घाला वाटला. हक्काची चर्चा वकिलांनी करावी. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की न्यायालयाला हे सांगावे का लागले?

कुरआनात अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याची आज्ञा आहे. शिक्षकाचे पद ही अमानत मानली, तर हक्कदार कोण? उमेदवार नव्हे. संस्था नव्हे. समाजही, सरसकट, नव्हे. पुढची तीस वर्षे त्या बाकांवर जी मुले बसतील, ती हक्कदार. त्यांतली बरीचशी अजून जन्मलेलीही नाहीत. मुलाखतीच्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो, म्हणून त्यांचे देणे बुडवणे इतके सोपे असते.

इथे एक अवघड प्रसंग येतो. एका बाजूला अकरा वर्षे तासिकेवर राबलेला, चाळिशीला आलेला, दोन मुलांचा बाप, शिकवणे बेताचे. दुसऱ्या बाजूला सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. पाठ असा घेतला की मुले घंटा झाल्यावरही उठली नाहीत. इन्साफ काय म्हणतो? मन पहिल्याकडे ओढते, ओढलेच पाहिजे. पण त्याचे जे देणे आहे ते शासनाचे आणि संस्थेचे आहे: अकरा वर्षांचा पगारातला फरक, सुट्टीचे पैसे, माणूस म्हणून वागणूक. ते मुलांच्या खिशातून कसे फेडायचे? आमचा कौल त्या मुलीला. पण मग संस्थेलाही विचारले पाहिजे: तो नेमण्याजोगा नव्हता तर अकरा वर्षे अकरा तुकड्या त्याच्या हवाली का केल्या? आणि नेमण्याजोगा होता तर अकरा वर्षे त्याला जूनच्या जूनला दारात का उभे केले? दोन्हींपैकी एका उत्तरात संस्था सापडतेच. स्वस्त पडतो म्हणून ठेवलेला शिक्षक कायम करायच्या वेळी महागडे निकष काढून नाकारायचा, याला आम्ही खियानत म्हणतो.

मराठवाड्यात हा विचार आज निकडीचा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत अणूहूनही सूक्ष्म थरथर मोजणारे आरसे. जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतील. जालन्या-परभणीतले मूल तिथे रखवालदार म्हणून जाणार की शास्त्रज्ञ म्हणून, हे आसपासच्या कॉलेजांत प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र कोण शिकवते यावर ठरेल.

आणि मराठवाड्याला या कामाची जुनी ओळख आहे. १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात भौतिकशास्त्र, तिथली तबीअियात, उर्दूतून शिकवत. त्यासाठी वर्षभर आधीच भाषांतराचे खाते उघडले होते. निजामिया वेधशाळा १९१९ मध्ये विद्यापीठाकडे आली. तिथल्या लोकांनी आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशासाठी लाखो ताऱ्यांच्या नोंदी केल्या. औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजाचे प्राचार्य मौलवी अब्दुल हक होते, आणि विज्ञानाची परिभाषा घडवण्याच्या कामात त्यांचे आयुष्य गेले. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. आज इंग्रजीवाचून पुढे जाता येत नाही आणि मराठीवाचून इथे राहता येत नाही. पण तिथे कोणीतरी, शिकवायला सुरुवात करण्याआधी, मुलांना हे कोणत्या शब्दांत कळेल याचा खल करत बसले होते.

म्हणून पाठ संपल्यावर, निवड समितीने प्रश्न विचारायच्या वेळी, आणखी एक प्रश्न आम्ही ठेवू. उमेदवाराला सांगावे: तुमच्या वर्गात साठ मुले आहेत. वीस जण त्वरण म्हणतात, दहा जण इस्राअ म्हणतात, दहा जण ॲक्सिलरेशन म्हणतात, आणि वीस जण तिन्ही शब्द पाठ म्हणतात पण एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे का जातो हे त्यांना सांगता येत नाही. पहिल्या सोमवारी तुम्ही काय कराल? मग समितीने घड्याळाकडे न पाहता उत्तराची वाट पाहावी.